मुलांची दुखणी : घरात काय पाहावे, काय मोजावे
(वर्धापनदिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी मला अर्धा तास दिला आहे आणि मुलांची दुखणी तर शंभर. तेव्हा मी शंभरांची नावे घेत बसत नाही. दुखण्याचे नाव सांगणे हे डॉक्टरांचे काम. घरातल्या बाईला कळायला हवे ते एवढेच, की हे मूल घरी बरे होण्यासारखे आहे, की आता उठून दवाखाना गाठला पाहिजे. हे बरेचसे नुसते पाहून आणि मोजून कळते.

प्रथम जुलाबाचे घेऊ. आपला शिरोळ तालुका नद्यांच्या कुशीतला. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी गावागावांत शिरले, हे आपण विसरलेल्या नाही. पूर ओसरला तरी पिण्याच्या पाण्यात घाण मिसळायचे भय मागे राहते. पण पूर नसतानाही मुलाला जुलाब लागले, की घरात एक वाक्य हमखास निघते : “दात येताहेत त्याला, व्हायचंच.” दातांनी जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते, वरचे अन्न सुरू झालेले असते. जंतू पोटात जातात ते तिथून. दुसरे वाक्य याहून वाईट : “पाणी देऊ नका, जास्तच होतंय.” अहो, जुलाबाने मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे! भांडे गळते आहे म्हणून वरची धार बंद करण्यातला हा प्रकार.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि रोग्यांच्या आयाबायांना, नातेवाइकांना पाजायला सांगितले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. पाजणारे हात घरच्यांचेच होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तेच पाणी आज ओआरएसच्या पाकिटात मिळते. पाकिटावर पाण्याचे जे माप छापले असेल, तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात सबंध पाकीट रिकामे करावे. निम्मे आज, निम्मे उद्या, असा काटकसरपणा इथे नको. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध चालूच. वरचे खाणाऱ्याला पेज, मऊ भात. डॉक्टरांनी दिलेल्या जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. बाटलीतली गोड पेये मात्र ओआरएस नव्हेत.

डोळे खोल गेले, लघवी होईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, शौचात रक्त आहे, किंवा मूल मलूल होऊन पीत नाही. यांतले एक दिसले तरी निघावे. वाटेत पिऊ शकत असेल तर पाजत राहावे.

आता खोकला. सर्दी-खोकल्याची बहुतेक मुले आपोआप बरी होतात. कफाच्या बाटल्या लहान मुलांना दुकानातून आणून मुळीच देऊ नयेत. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी कफ-औषधाने मुले दगावली; काहींना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. मध द्यायचा तर वर्षाच्या पुढच्या मुलालाच.

भय आहे ते न्यूमोनियाचे, आणि तो श्वास मोजून ओळखता येतो. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या सुइणींना हे शिकवले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे आणि मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे साधे यंत्र केले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आपल्या घरात तर भिंतीवर घड्याळ आहे! मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, झबले वर करून पोटाकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला आपण पोट उडणे म्हणतो, तर मोजतही बसू नये. पोटावर बिब्बा किंवा डाग देणे म्हणजे तर आजाऱ्या जिवाला आणखी भाजणे.

तापाबद्दल थोडक्यात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबायचे नाही. मोठ्याला गोधड्यांत गुंडाळू नये, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, ॲस्पिरिन नको. झटके आले तर कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, आणि दवाखान्यात न्यावे.

अंगावर पुरळ उठले, की “देवी आल्या, औषध नको” असे अजून म्हणतात. देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ साली आढळला. आता येतो तो बहुधा गोवर किंवा कांजिण्या. गोवर साधा नव्हे. २०२२ साली मुंबईत गोवंडीकडे त्याने मुले गेली. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण डॉक्टरांना दाखवा. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस द्यावा लागतो. लस नऊ महिने पुरे झाल्यावर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा. दुसरी बऱ्याच जणी विसरतात.

रात्रीअपरात्री वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

बोलणे पुरे. मागच्या टेबलावर लिटरचे भांडे, साखर, मीठ आणि चमचे मांडले आहेत. चहा झाला की सुनांनी सासूबाईंना घेऊन तिकडे यावे. सपाट चमचा कोणाचा होतो, ते पाहू. आणि खांद्यावर निजलेली तान्ही ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनी उठण्यापूर्वी एक मिनिट त्यांचा श्वास मोजून घ्यावा.