कापलेले दोन गुण



सहामाहीला सरांनी माझ्या नकाशाचे दोन गुण कापले होते. नद्या बरोबर, शहरं बरोबर. कोपऱ्यात प्रमाण आणि दिशा लिहायची राहिली होती. "हे चित्र झालं, नकाशा नाही," असं सर म्हणाले. पुढे पोटापाण्याला संगणकावरचे नकाशेच आले.

संगणकाला नकाशा दिसत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. उपग्रहाचं छायाचित्र तो आपल्या आलेख कागदासारखं ठेवतो, चौकोनागणिक आकडा. बाकीच्या गोष्टी बिंदूंनी. विहीर म्हणजे अक्षांश-रेखांशाची एक जोडी. ओढा म्हणजे अशा बिंदूंची ओळ. तलाव म्हणजे फिरून पहिल्या बिंदूला मिळणारी ओळ. मग 'ही विहीर तलावाच्या आत की बाहेर?' विचारलं, की तो क्षणात गणित करून सांगतो.

२००३ च्या सुमारास एका पाझर तलावाच्या बुडित क्षेत्राची यादी मी अशीच केली. समोच्च रेषा आणि ओढा जुन्या छापील नकाशावरून गिरवले, विहिरी जीपीएस घेऊन हिंडून टिपल्या. यादी चावडीवर वाचली, तशा एक आजी उठल्या. "माझी हीर वढ्याला लागून हाय, आन् यादीत न्हाई? तिला काय पाय फुटलं व्हय रं?" यादीत नाव नाही म्हणजे मोबदला नाही. मी त्यांना संगणकाचा पडदा दाखवला, विहीर रेषेच्या बाहेर. आज आठवलं की लाज वाटते. अहो, त्या रोज तिचं पाणी शेंदत होत्या!

रात्री उपग्रहाचं छायाचित्र खाली घातलं. ओढ्याकाठची झाडी एकीकडे आणि मी गिरवलेला ओढा चार-पाच चौकोन सोडून दुसरीकडे. एक चौकोन साडेतेवीस मीटरचा.

कारण साधं होतं. पृथ्वी किती चपटी आणि तिचा मध्य कुठे, हे आधी ठरवल्याशिवाय अक्षांश-रेखांश मोजता येत नाहीत. आपले जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये ठरवलेल्या आकारावर बेतलेले. जीपीएस १९८४ चा जागतिक आकार धरतं. त्यामुळे एकाच विहिरीचे दोन्हीकडचे आकडे निराळे, आणि आपल्या भागात तो फरक शंभर मीटरच्या वर जातो. कुठले आकडे कुठल्या आकारावरचे, हे संगणकाला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्यानेही विचारलं नाही. तो विचारतच नाही.

आकडे बदलून घेतले, यादी पुन्हा केली. आजींची विहीर आत आली, आणखी दोघांच्याही आल्या. एकाची मात्र बाहेर गेली. त्याच्या घरी जाऊन ते सांगणं फार जड गेलं.

सर, ते दोन गुण मी आता परत मागत नाही.