गार्डन रीचच्या नोटा आणि मोबाईलमधील पैसा
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कोलकात्याचे गार्डन रीच ही हुगळीकाठची गोदी व जहाजबांधणी कामगारांची वस्ती. ज्या बंगाल-नागपूर रेल्वेने विदर्भाला कोलकात्याशी जोडले, तिचे मुख्यालयही तेथेच होते. परंतु १० सप्टेंबर २०२२ रोजी हे नाव देशभर गाजले ते निराळ्याच कारणाने. सक्तवसुली संचालनालयाने तेथील एका घरावर घातलेल्या छाप्यात १७ कोटी ३२ लाख रुपयांच्या नोटा सापडल्या. त्या मोजण्यासाठी यंत्रे आणावी लागली.

हा पैसा 'ई-नगेट्स' नावाच्या मोबाईलवरील खेळातून आला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. आरंभी खेळणाऱ्यांना कमिशन मिळे व जमा रक्कम सहज काढता येई. विश्वास बसला, तशा लोकांनी मोठ्या रकमा भरल्या. मग सुधारणेचे निमित्त सांगून पैसे काढणे एकाएकी बंद करण्यात आले आणि सर्व्हरवरील नोंदीही पुसल्या गेल्या. पैसा फिरवण्यासाठी भाड्याने घेतलेली खाती वापरली गेली, असेही यंत्रणेचे म्हणणे आहे.

या घटनेतून कोणता बोध घ्यावयाचा? मोबाईलच्या व कार्डाच्या व्यवहारांविषयी आपल्या वस्त्यांत भीती आहे. पण ती बहुधा चुकीच्या जागी आहे. गर्दीत कोणी खिशाजवळ यंत्र आणून कार्डातले पैसे ओढील, असे अनेकांना वाटते. वस्तुतः स्पर्शविरहित कार्ड काही सेंटिमीटरच्या अंतरातच चालते आणि प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार करते. खरा धोका कार्ड हरवल्यास आहे, कारण १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनवाचून होऊ शकतो. म्हणून ही सोय नको असल्यास ती बँकेकडून बंद करून घ्यावी.

याहून मोठी लूट होते ती माणसाला फसवून. गार्डन रीच प्रकरणात कोणी कार्डाची नक्कल करण्याची गरजच नव्हती. लोकांनी आपल्याच हातांनी पैसे पाठवले होते. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीही नव्हे. एवढी एक गोष्ट घरोघर पोहोचली, तरी कित्येकांची कमाई वाचेल.

परंतु सावधगिरीचा सारा भार कष्टकऱ्यावरच टाकणे हा न्याय नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून अन्यत्र असेल व ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीही भार टाकू नये असे ठरवले; ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर ठेवले. पण पिन स्वतः दिला की तो 'निष्काळजीपणा' ठरतो आणि नुकसान ग्राहकाच्याच माथी येते. ज्याला फसवण्यासाठी संघटित टोळ्या राबतात, त्यालाच दोषी ठरवणारी ही व्यवस्था कोणाच्या हिताची?

आणखी एक तपशील पाहा. या प्रकरणी फेडरल बँकेच्या तक्रारीवरून पार्क स्ट्रीट पोलीस ठाण्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये गुन्हा नोंदवला गेला होता. छापा पडला सप्टेंबर २०२२ मध्ये. पैसा क्षणात जातो, न्याय दीड वर्षाहून अधिक काळ वाट पाहावयास लावतो. यूपीआयचा फार मोठा हिस्सा वॉलमार्टच्या मालकीच्या फोनपे व गूगल पे या दोन कंपन्यांच्या हाती आहे. नफ्यासाठी व्यवहारांचा वेग वाढवणाऱ्यांनी सुरक्षिततेचा खर्चही उचलला पाहिजे.

म्हणून आपली कामे दोन. पहिले तातडीचे : फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर व बँकेला त्याच घटकेला कळवावे, लाजेने गप्प बसू नये, चार पैशांच्या लोभाने आपले खाते कोणालाही भाड्याने देऊ नये, कारण पोलीस प्रथम त्या गरीब खातेदाराच्याच दारी येतात. दुसरे दूरचे : फसवून काढलेल्या रकमेचा भार बँका व कंपन्यांवर टाकणारा कायदा व्हावा, यासाठी कामगार संघटनांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात घ्यावा. मजुरी मिळवणे हा जसा संघर्षाचा विषय आहे, तसाच ती हातात सुरक्षित राहणे हाही आहे.