सायकल, पाऊस आणि वर्गणी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, येथे एखादी पराक्रमाची कथा ऐकायला मिळणार. तसे वाटले असल्यास आम्ही आधीच क्षमा मागून ठेवतो. 2022 च्या जुलैत, पाऊस ऐन भरात असताना, आम्ही बारा जण दहिसर नाक्यावरून सायकलींवर निघालो, त्यांतले अकरा तलासरीला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी झरी, बोर्डी करीत डहाणूस आलो. बारावा गृहस्थ मनोरला सायकलीसकट एका टेम्पोत बसला आणि पालघरहून गाडीने घरी गेला. आमच्यातला तोच काय तो शहाणा, असे पुढचे चार तास आम्हां सर्वांचे एकमत होते.

हेतू चांगला होता. तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवरून माध्यमिक शाळेत चालत येणाऱ्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या होत्या. त्यासाठी ओळखीच्या लोकांनी आमच्या दर किलोमीटरमागे काही रुपये कबूल केले होते. ही रीत आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत 1980 साली बिली स्टार नावाच्या तरुणाने कर्करोगाच्या संशोधनासाठी छत्तीस सायकलस्वार घेऊन मॅसॅच्युसेट्समधून अशी एक फेरी काढली आणि दहा हजार डॉलरांहून थोडी अधिक रक्कम जमवली. ती फेरी पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली आणि प्रचंड वाढली. आपल्याकडे बाबा आमट्यांच्या प्रेरणेने डिसेंबर 1985 मध्ये शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर काश्मीरकडे निघाल्या. बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हते. ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. पण ती यात्रा माणसे जोडण्यासाठी होती. आमची होती वर्गणीसाठी, हा फरक आम्ही लपवीत नाही.

निघायच्या आदल्या रात्री आमच्यातल्या एकाच्या काकांनी एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "अरे, लोक पैसे देणारच आहेत, तर तुम्ही भिजता कशाला? घरी बसून घ्या की पैसे." आम्ही हसलो. उत्तर मात्र कोणालाच देता आले नाही.

मनोरपर्यंत पाऊस होता, पण तो सरळ पडत होता. पुढे तो आडवा झाला. या दिवसांत वारा नैऋत्येचा, आणि आम्ही उत्तरेकडे चाललेले. म्हणजे तो डाव्या बाजूने पाठीमागून येई. पाठीवरचा वारा सायकलस्वाराला देवासारखा, असे पुस्तकात असते. महामार्गावर तसे नसते. उजवीकडून मोठा कंटेनर गेला की त्याच्या मागे सायकल आत ओढली जाते, आणि तो पुढे सरला की बाजूचा वारा तिला पुन्हा ढकलतो. हातांना दुसरे कामच उरत नाही. सूर्या नदीच्या पुलावर पाणी गढूळ आणि कठड्याच्या बरेच जवळ आल्यासारखे दिसत होते. तेथे आम्ही उतरून एकामागे एक चालत गेलो. दोनच महिन्यांनी, 4 सप्टेंबर 2022 रोजी, चारोटीजवळच्या त्याच पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात अंत झाला. ती बातमी वाचली तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी एकमेकांना फोन केले, आणि बोललो मात्र कोणी फारसे नाही. पावसाचा इशारा असताना त्या रस्त्यावर सायकली घालणे चूक होते, हे येथे स्पष्ट सांगतो. तरुण मंडळींनी आमचे अनुकरण करू नये.

चारोटीनंतर महालक्ष्मीचा डोंगर ढगांत गेला होता. दापचरीच्या अलीकडे एकाची साखळी तुटली. रस्त्याकडेला एका वारली कुटुंबाचे कुडाचे घर होते; त्यांनी आम्हां अकरांना ओट्यावर घेतले, चूल पेटवून कोरा चहा केला. घरच्या म्हातारबाबांनी आमच्या सायकली निरखून पाहिल्या आणि विचारले की, यांना मडगार्ड का नाही? आम्ही म्हटले, वजन कमी असावे म्हणून. ते गप्प राहिले. चिखलाने भरलेल्या आमच्या पाठी त्यांच्यासमोरच होत्या.

दुसऱ्या दिवशी बोर्डीहून डहाणूकडे, म्हणजे दक्षिणेला वळलो आणि तोच वारा तोंडावर आला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्याला समोरून तितकाच वारा असला, तर शांत हवेच्या चौपट जोर लागतो. घोलवडच्या चिकूच्या वाड्यांमधून, एका बाजूला समुद्राची गर्जना ऐकत, आम्ही ताशी आठच्या चालीने सरकत होतो. शाळेला निघालेली मुले आम्हांला मागे टाकून जात होती, आणि तीही पायी.

आता खरी गोष्ट सांगतो. डहाणूस पोचलो, भिजलेल्या अवस्थेतली आमची छायाचित्रे मित्रमंडळींत फिरली, आणि कबूल केल्याहून अधिक पैसे आले. पुढच्या वेळी शहाणपण करून आम्ही जानेवारीत गेलो. हवा सुरेख, रस्ता कोरडा, कोणाला खरचटलेदेखील नाही. वर्गणी मात्र बरीच कमी पडली. म्हणजे काकांच्या प्रश्नाला उत्तर होते. आमच्या भिजण्याला भाव होता.

मग जिच्यासाठी हे चालले होते तिच्या भिजण्याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. घर ते शाळा चार किलोमीटर धरा, परतीचे चार. शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला सोळाशे किलोमीटर होतात. मुंबईहून दिल्ली इतकी दूर नाही. हे अंतर ती मुलगी पायी काटते, त्यातले कित्येक दिवस पावसात, ओढ्याला पाणी असताना. तिला दर किलोमीटरमागे कोणी काही कबूल करीत नाही.

सायकलीने काय होते, याचे उत्तर बिहारने दिले आहे. तेथे 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारी पैसे मिळू लागले. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढले, आणि हा फरक मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत दिसला. अंतर हाच अडसर होता.

हे डहाणूच्या परिसराला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केले आणि 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. त्या बायांनी अंतर आपल्या पायांवर घेतले होते. लहान मुलांच्या बाबतीत ते जमते. दहावीच्या प्रयोगशाळेला अंगणात नेता येत नाही. तेथे मुलीलाच जावे लागते.

पण सायकल देऊन काम संपते, असा आमचाही समज होता. वर्षाने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दिलेल्या सायकलींपैकी बऱ्याच कुडाला टेकून उभ्या होत्या. कोणाची ट्यूब गेलेली, कोणाची साखळी खाऱ्या दमट हवेने गंजून आवळलेली. पंक्चर काढणारा महामार्गावर. तेथवर सायकल ढकलत न्यायची तर शाळा बुडते. नव्या सायकलींच्या रांगेचे छायाचित्र सगळ्यांना हवे असते. ट्यूबसाठी वर्गणी मागितली तर लोक चेष्टा समजतात. आता जमलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आम्ही आधीच बाजूला काढतो. त्यातून पंप, पाने, ठिगळांचे डबे आणि तेल शाळेत ठेवले जाते, आणि दोन मुली पंक्चर काढायला शिकल्या आहेत. मडगार्ड नसलेली सायकल आम्ही घेत नाही, हे ओघाने आलेच.

गेल्या खेपेस सायकली वाटून झाल्यावर नववीतली एक मुलगी मागे रेंगाळली. आम्हांला वाटले, आभार मानायचे असतील. तिने सायकलीच्या मागच्या बाजूला हात लावून दाखवला आणि म्हणाली, "याला कॅरिअर नाही. धाकटीला कुठं बसवू?"