परिचारिकेची डॉक्टरकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी आज पीएच. डी.विषयी बोलते आहे, ते माझ्या भाचीमुळे. ती परिचारिका आहे आणि नर्सिंगमध्येच तिला ही पदवी घ्यायची आहे. घरचे म्हणतात, "सुई टोचायला नि अंग पुसायला एवढे शिक्षण कशाला?"

वाट लांबची खरी. बी. एस्सी.ची ४ वर्षे, मग निदान वर्षभर काम, एम. एस्सी.ची २ आणि पुढे संशोधनाची किमान ३. पण संशोधन म्हणजे काय? रोग्याच्या उशाशी पडलेला प्रश्न धरायचा नि त्याचा छडा लावायचा. अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीच्या जखमा कशाने टळतील, हा असाच प्रश्न.

अमेरिकेतील लिंडा आयकेन या परिचारिकाच, पुढे पीएच. डी. झाल्या. २००२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एकेक रोगी वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. रात्रपाळीत धावणाऱ्या मुली हे कधीच्या सांगत होत्या. आता हाती आकडा आला.

भगिनींनो, आजारी माणसाची उस्तवार आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. तिच्यातही शास्त्र आहे, हे पटवून द्यायला शिकलेल्या मुली हव्यात.

भाचीचे मूल लहान आहे. ती अभ्यासाला बसेल तेव्हा ते माझ्याकडे राहील, असे मी सांगून टाकले आहे. आपल्या घरी अशी लेक वा सून असेल, तर तिच्या वाट्याच्या चार पोळ्या आपण लाटाव्यात, एवढी विनंती करून मी थांबते.