आधी भाव, मग गाडी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपण बाजारात उलट्या क्रमाने जातो. आधी गाडी भरतो, भाडे अंगावर घेतो, बाजार समितीच्या आवारात रात्र काढतो आणि मग भाव विचारतो. भाव पटला नाही तरी माल परत नेणे परवडत नाही. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. आपण लुटले जातो ते भोळे म्हणून नव्हे, परतीची वाट बंद करून जातो म्हणून.

याचा हिशेब अभ्यासकांनीही मांडला आहे. २००० साली आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात सोयाबीन खरेदीसाठी 'ई-चौपाल' काढले. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, त्यावर मंडीचा भाव आणि कंपनीचाही. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा, डोळ्यांदेखत मालाची तपासणी. अपराजिता गोयल यांनी, ही सोय झालेले जिल्हे आणि न झालेले जिल्हे यांचे भाव ताडून पाहिले. त्यांचा निबंध २०१० साली छापला गेला. निष्कर्ष असा, की सोय झाली तिथे मंडीतला भाव सरासरी १ ते ३ टक्के वाढला. कंपनीला ज्याने एक दाणाही विकला नाही, त्यालाही जास्त मिळाले. कारण व्यापाऱ्यासमोर दुसरा गिऱ्हाईक उभा राहिला होता.

कंपनीने हा धर्मादाय केला नाही. तिला माल थेट हवा होता आणि मंडीबाहेर खरेदीची सरकारी परवानगी मिळाली म्हणून ते जमले. १ ते ३ टक्क्यांत उत्पादन खर्चही भरून निघत नाही. उद्या एकच कंपनी उरली, तर पुन्हा तोच फास. दुसरा गिऱ्हाईक नसेल तर नुसता भाव कळून काय उपयोग? आपण किती लुटले गेलो, एवढेच कळेल.

म्हणून या हंगामात आपण तीन गोष्टी करू. कापूस महामंडळ हमी भावाने घेते तो ८ टक्के ओलाव्याचा कापूस. १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे नकार. व्यापारी मात्र मुठीत दाबून ओलावा सांगतो. तेव्हा गावागणिक वर्गणीतून ओलावा मोजायचे एक यंत्र घेऊ. माल घरीच मोजू. तीन ठिकाणी फोन करून भाव विचारू आणि दहा घरांचा माल एकत्र विकू.

आधी भाव, मग गाडी. एवढा क्रम बदलला, तरी बाजारात आपण मान खाली घालून उभे राहणार नाही.