लिस्बन ते गोवे



आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या शुभप्रसंगी, ज्या जलमार्गाने ख्रिस्तवार्तेचे कित्येक सेवक आपल्या किनाऱ्यास आले, त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

लिस्बन शहर गोव्यापासून सरळ रेषेत सुमारे ८,३०० किलोमीटर दूर आहे. परंतु शिडाच्या गलबतास सरळ वाट कोठली? त्यास आफ्रिकेचे दक्षिण टोक वळसा घालून यावे लागे. तेणेकरून मार्ग दुपटीहून अधिक लांबे. नैऋत्येचा मोसमी वारा साधण्यासाठी गलबते मार्च-एप्रिलातच लिस्बन सोडीत. तो वारा हुकला, की परक्या बंदरात कित्येक महिने मुक्काम ठरलेला!

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या वाट्यास असाच प्रवास आला. ७ एप्रिल १५४१ रोजी ते निघाले. मोझांबिक येथे त्यांस अडकून पडावे लागले. तेथे रुग्णांची शुश्रूषा करीत त्यांनी काळ कंठिला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पाऊल ठेविले. तेरा महिने लागले! पत्रेही याच गतीने चालत. २८ जून १५५३ रोजी संत इग्नेशियस यांनी रोमहून त्यांस परत बोलाविण्याचे पत्र लिहिले. परंतु ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनजवळील शांगच्वान बेटावर झेवियर ख्रिस्तवासी झाले होते.

फादर थॉमस स्टीफन्स यांस वारा अनुकूल मिळाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले हे इंग्रज गृहस्थ २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोचले. समुद्र साडेसहा महिन्यांत सरला. तथापि त्यांचा खरा प्रवास पुढेच होता. परक्या लोकांची भाषा शिकून, तिच्यात ओव्या रचून, त्यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापून निघाले ते १६१६ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. ते स्वदेशी परतले नाहीत. १६१९ साली येथेच त्यांनी देह ठेविला.

पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, नंतर विमाने आली. आज लिस्बनहून गोव्यास, वाटेत विमान बदलूनही, साधारण एका दिवसात येता येते. परदेशी गेलेल्या मुलाचा आवाज आईस घरबसल्या ऐकू येतो. ही परमेश्वराची कृपाच होय.

परंतु बंधूंनो, एकाच वाडीत, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंस अशी घरे आहेत, की ज्यांच्यामध्ये कित्येक वर्षांत शब्द गेला नाही. एका बांधावरून, एका विहिरीवरून पडलेले हे अंतर कोणते विमान तोडणार? अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आपण सर्व जाणतो. ज्यांनी आमच्यासाठी महासागर ओलांडिले, त्यांच्या स्मरणार्थ आपण या ज्युबिली वर्षात निदान एक उंबरठा ओलांडावा. तो प्रवास दहा पावलांचा आहे. तो आजच आरंभावा.

प्रभू आपणा सर्वांस तसे बळ देवो. आमेन.