शेवटचा नंबर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"चार शब्द बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. गेली दोन वर्षे मी मंडळात पाऊल टाकले नव्हते, आणि ते का, हे सांगावे लागेल याचा संकोच वाटत होता. आज तेच सांगते. मात्र वाट जरा लंडनवरून जाते.

आपली पर्वतीची सहल तुम्हांला आठवत असेल. माझे गुडघे तेव्हा नुकतेच कुरकुरू लागले होते. तुम्ही सगळ्याजणी वर पोचून माझ्यासाठी खोळंबून बसला होतात. वावगे कोणीच बोलले नाही. पण मी दिसताच "आल्या एकदाच्या!" म्हणून जो हशा पिकला, तो घरी गेल्यावरही माझ्या कानांतून जाईना. पुढच्या आठवड्यापासून मी येणेच बंद केले.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला गेले. तिच्या घराजवळ बुशी पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या शेजारचे. आत हरणांचे कळप मोकळे हिंडतात. तेथे दर शनिवारी सकाळी नऊ वाजता पाच किलोमीटरची धाव असते. तिला 'पार्करन' म्हणतात. पॉल सिंटन-हेविट या गृहस्थांनी ती २ ऑक्टोबर २००४ रोजी याच उद्यानात सुरू केली. दुखापतीमुळे त्यांना स्वतःला पळता येईना, पण पळणाऱ्या मित्रांची संगत तर सोडवेना! पहिल्या दिवशी धावणारे अवघे तेरा होते. आज वीसहून अधिक देशांत असे शनिवार साजरे होतात. फी नाही की बक्षीस नाही. वेळ टिपणारे, वळणावर उभे राहून वाट दाखवणारे, सगळे हौसेने राबणारे.

जावई दर शनिवारी जात. मला म्हणाले, "आई, तुम्हीही चला. पळायलाच हवे असे नाही. चाललात तरी चालते." लेकीने आपले बूट दिले, आणि पंजाबी ड्रेसवर ते चढवून मी निघाले.

नऊ वाजले आणि एवढी मोठी गर्दी पाहता पाहता पुढे निघून गेली. माझ्या छातीत धस्स झाले. पुन्हा तीच पर्वती! मागे वळून पाहिले, तर भडक रंगाचे जाकीट घातलेले एक पांढऱ्या केसांचे आजोबा सावकाश येत होते. मी मोडक्या इंग्रजीत म्हटले, "माझ्यासाठी थांबू नका, पुढे व्हा."

ते हसून म्हणाले, "मी थांबलेलो नाही. आज शेवटचा मी आहे. तुम्ही फक्त माझ्या पुढे राहा."

मग उलगडा झाला. तेथे दर शनिवारी कोणीतरी हे काम आपणहून पत्करतो. सगळ्यांच्या मागे चालायचे आणि सगळ्यांच्या नंतर पोचायचे. शेवटचा नंबर आधीच कोणीतरी घेऊन टाकलेला असतो. मग दुसऱ्या कोणावर तो येणार कसा? मला एक तास दोन मिनिटे लागली. निकालाच्या यादीत माझ्या खाली त्या आजोबांचे नाव होते.

भगिनींनो, त्या हशाबद्दल माझ्या मनात आता राग नाही. तुम्ही वाट पाहिलीत, तो तुमचा लोभच. पण वर बसून वाट पाहणे निराळे आणि मागे राहून सोबत करणे निराळे. आपल्या हजेरीपुस्तकात अशी आणखी काही नावे आहेत, जी हळूहळू गळून गेली. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला कमी ऐकू येते, कोणी यजमान गेल्यापासून घराबाहेर पडलेली नाही. त्यांच्या घरी मी या आठवड्यात जाणार आहे.

यंदाच्या सहलीत मागे चालण्याचे काम मी आजच मागून घेते. अध्यक्षबाई, त्याची नोंद व्हावी. आणि मैत्रिणींनो, आम्ही पोचेपर्यंत डबे मात्र उघडू नका!